गाडी चालवताना मोबाईल: या चुका टाळा, नाहीतर चलान ठरलेलं

"साहेब, कानाला कुठे लावला होता, स्पीकरवर तर बोलत होतो!" हे सिग्नलवर कितीतरी वेळा ऐकलंय आणि खरं सांगायचं तर एकदा मी स्वतःही बोललोय. उपयोग शून्य. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात असं बसलंय की फोन कानाला लावला तरच गुन्हा, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जे आलंय ते हातात धरलेल्या उपकरणाबद्दल आहे. म्हणजे फोन तोंडासमोर टोस्टसारखा आडवा धरून बोललात काय, गाणं बदललंत काय, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप उघडून कोणाचा मेसेज आहे बघितलंत काय, हातात आहे ना, मग झालं.

दुसरी पळवाट मॅपची. ही अर्धी खरी आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमात रस्ता बघण्यासाठी फोन वापरायची मुभा आहे, पण फक्त रस्ता बघण्यासाठी आणि चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. आता लोक काय करतात, फोन मांडीवर ठेवतात नाहीतर स्पीडोमीटरसमोर तिरका टेकवतात, पहिल्याच वळणाला तो घसरून ब्रेकच्या पायाशी जातो आणि मग साठच्या स्पीडला वाकून शोधाशोध. साठचा स्पीड म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर, तीन सेकंद खाली बघितलं तर ५० मीटर गाडी देवाच्या भरवशावर गेली. होल्डर घ्या, दोन-तीनशेत मिळतो, तो डॅशबोर्डवर खाली लावा, काचेच्या मधोमध नको. पत्ता गाडी सुरू करायच्या आधी टाका. घाटात रेंज जाते आणि मॅप गोल गोल फिरत बसतो म्हणून चालत्या गाडीत फोन उचलला जातो, त्यावर उपाय म्हणजे घरच्या वायफायवर तेवढा भाग ऑफलाईन डाऊनलोड करून ठेवायचा.

बाईकवाल्यांनो, आता तुमच्याकडे. होल्डर लावलात तरी महागडा फोन सतत थरथरत ठेवू नका, इंजिनच्या व्हायब्रेशनने कॅमेरा बिघडू शकतो असं आयफोनवाल्या कंपनीनेच सांगून ठेवलंय. आणि हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणं ही तर आपली खास कला. मी पण केलंय हे, कर्वे रोडवर, घामाने गाल चिकट झालेला, गालानेच कॉल म्यूट झाला आणि मी दोन मिनिटं हॅलो हॅलो करत होतो, तो वर करायला डावा हात काढला तर समोर रिक्षा थांबलेली. वाचलो, फोन मात्र रस्त्यावर पडला आणि मागून आलेल्या टेम्पोने त्याचा पापड केला. "हातात कुठे होता?" हा मुद्दा वाद घालायला भारी वाटतो, पण कलम १८४ मुळात धोकादायक ड्रायव्हिंगचं आहे, मान वाकडी करून चालवणारा त्यात कसाही बसवता येतो.

सिग्नलला थांबलोय म्हणून चालतं हाही गैरसमज. लाल दिव्यावर सूट असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दंडाचं बोलायचं तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तडजोडीची रक्कम (म्हणजे कोर्टात न जाता भरून प्रकरण मिटवायचा दंड) दुचाकीला १०००, चारचाकीला २०००, बाकीच्या गाड्यांना ४००० आणि तीन वर्षांत परत सापडलात तर सरळ १०,०००. कोर्टात गेलं तर पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० दंड किंवा दोन्ही, असं कलमात आहे. लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं ते वेगळंच, सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना तसं कळवलंय. आणि पोलीस दिसला नाही म्हणून बिनधास्त राहू नका, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून कॅमेरे मोबाईल आणि सीटबेल्ट दोन्ही टिपतात.

घरून सारखे फोन येत असतील तर ड्रायव्हिंग मोड लावा, काही फोनमधून समोरच्याला आपोआप मेसेज जातो. आमच्या आईला तो मेसेज आला की ती लगेच दुसऱ्यांदा फोन करते, पण ते असो. ब्लूटूथ ऐनवेळी जोडलं जात नसेल तर जुन्या गाड्यांची आणि मित्रांच्या स्पीकरची नावं काढून टाका, निम्म्या वेळा फोन त्यांनाच शोधत बसलेला असतो. हे सगळं पार्किंगमध्ये, गेट सोडायच्या आधी.

चलान आलंच तर मेसेजमधल्या लिंकवर आंधळेपणाने जाऊ नका, ई-चलानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) पाठवून खाती रिकामी करणारे खूप झालेत. महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून स्वतः बघा, तिथे फोटो असतो. फोटोत गाडी दुसऱ्याची असेल किंवा हातात फोन नसून पाण्याची बाटली असेल तर तिथूनच तक्रार टाका, पैसे आधी भरू नका. आणि गाडी विकली असेल पण आरटीओत नाव बदललं नसेल तर नव्या मालकाने फोनवर मारलेल्या गप्पांचं चलान तुमच्याच मोबाईलवर येणार, माझ्या जुन्या अ‍ॅक्टिव्हाचं अजून येतंय.