फ्युएल पंप गळतोय? नेमकं फिटिंग कसं शोधावं

सकाळी गाडीचं दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो आणि मिस्त्री वाकूनही न बघता म्हणतो, "साहेब, पूर्ण पंपच बदलावा लागेल." ठाण्यात माझ्या जुन्या हॅचबॅकच्या बाबतीत हेच झालं. पंप ठणठणीत होता. गळत होता तो पंपाला जोडलेल्या पाइपाचा सांधा, म्हणजे फिटिंग. त्या बोटभर तुकड्यासाठी मी चार दुकानं पालथी घातली. पहिल्या तिन्ही खेपा फुकट गेल्या, कारण हातात नमुना नव्हता आणि खिशातल्या कागदावर माप नव्हतं. तेवढं तुमचं वाचावं म्हणून हे लिहितो.

सगळ्यात आधी गाडी वापरणं थांबवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचत राहते. त्यामुळे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करायचं नाही. गाडी ढकलत बाहेर आणा, वॉचमनकाकांना बिडी लांब ओढायला सांगा, हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा. उजेडाला बॅटरी घ्या. वायरला लोंबकळणारा बल्ब नको. पेट्रोलची धार लागली असेल तर गाडी स्टार्टच करू नका, टो करून गॅरेजला न्या. पुढचं सगळं वास आणि ओल एवढ्यावर असलेल्या गळतीसाठी आहे.

आता गळतंय कुठे ते बघा. पेट्रोल पटकन उडून जातं, पण जाताना धूळ धुऊन नेतं. आजूबाजूला घोडबंदर रोडची माती बसलेली आणि मध्येच एक चकचकीत ओघळ, असं दिसलं की त्याच्या वरच्या टोकाला सांधा असतो. कोरड्या फडक्याने पुसून घ्या, सांध्याला कागद लावून धरा. एसीच्या पाण्याला वास नसतो, त्यामुळे गाडीखालच्या प्रत्येक थेंबाला घाबरू नका.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनावर बसलेला असतो आणि त्याचा दाब अगदी कमी, साधारण 0.2 ते 0.35 बार. तिथे पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून पेट्रोल येत असेल तर आतला पडदा फाटला आहे. फिटिंग शोधण्यात अर्थ नाही. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका, पंपाबरोबर ऑइलही बदलायचं आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन दाबाने फवारणाऱ्या गाडीत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की त्याचं झाकण दिसतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. इथे दाब तीन बार किंवा त्याहून जास्त. म्हणून सांधा सोडवण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पेट्रोल भरायच्या तोंडाचं झाकण एकदा उघडून बंद करा. एवढं करूनही थोडं पेट्रोल येतंच, सांध्याभोवती फडकं गुंडाळा.

पंपाच्या झाकणावरच्या प्लॅस्टिकच्या नळीलाच चीर गेली असेल तर मात्र मिस्त्री बरोबर आहे. एमसीलसारखी पुटी तिथे टिकत नाही, झाकण किंवा पूर्ण असेंब्ली घ्यावी लागते. डिझेलच्या कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या, हाय प्रेशर बाजूला आणि सीएनजीच्या नळ्यांना घरी हात लावू नये. सीएनजीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: गाडी गॅसवर धावत असली तरी सुरू बहुधा पेट्रोलवर होते. पेट्रोलच्या बाजूकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही आणि तिथला रबर तडकत राहतो.

आटे बसले म्हणजे सांधा बसला असं नाही

दुकानात जाण्याआधी "साइज काय?" हे विचारूच नका. आधी विचारा, हा सांधा पेट्रोल अडवतो कुठे?

रबरी होस निप्पलवर, म्हणजे नळीच्या आखूड तोंडावर, चढवून क्लिप आवळलेली असेल तर रबरच अडवतो. तिथे बहुतेकदा निप्पल शाबूत असतं, होस कडक झालेला असतो. क्विक कनेक्टर, म्हणजे कट्‌ आवाज करून बसणारी प्लॅस्टिकची टोपी असेल, तर आतल्या ओ-रिंगा, म्हणजे रबराच्या गोल कड्या, अडवतात. बँजो बोल्टमध्ये, म्हणजे पोकळ बोल्ट आणि त्याभोवती गोल डोळा असेल तिथे, डोळ्याच्या दोन्ही बाजूंचे वायसर अडवतात, आटे नव्हे. आणि फ्लेअर नटमध्ये धातूच्या नळीचं पसरवलेलं तोंड अडवतं. नट फक्त ते दाबून धरतो. म्हणूनच बँजोला किंवा फ्लेअरला टेफ्लॉन टेप गुंडाळून काही होत नाही. उलट टेपचा तुकडा आत गेला तर तो इंजेक्टरपर्यंत पोचू शकतो. नळाचं प्लंबिंग आणि हे यांत फरक आहे, हे आमच्याकडच्या अर्ध्या हौशी मंडळींना पटत नाही.

बँजो असेल तर बहुधा तुमचं काम दोन नव्या वायसरवर भागतं. तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वायसर एकदा दबले की पुन्हा वापरायचे नाहीत, दिसायला कितीही चांगले असोत.

माप घ्यायला व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी लागते, फूटपट्टी चालत नाही. क्विक कनेक्टर ज्या नळीवर बसतो तिचा बाहेरचा व्यास मोजा. नेहमीची मापं 6.30, 7.89 आणि 9.49 मिलिमीटर अशी असतात. पट्टीवर 7.89 आणि 8 सारखेच दिसतात, ओ-रिंगेला मात्र फरक कळतो.

खरा घोळ आट्यांचा. मेट्रिक एम 10 बाय 1 (10 मिलिमीटर व्यास) आणि 1/8 बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपाचे आटे (1/8 इंच हे फक्त नाव, प्रत्यक्ष व्यास नव्हे), हे दोन शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. बीएसपीचा व्यास 9.73 मिलिमीटर आणि इंचाला 28 आटे, म्हणजे दोन आट्यांत 0.907 मिलिमीटर अंतर. मेट्रिकमध्ये ते अंतर पूर्ण 1 मिलिमीटर. पहिले दोन-तीन आटे हाताने जातात, मग अडकतं. शेजारच्या काकांनी त्यांच्या कार्बोरेटरच्या गाडीवर ते पान्याने रेटलं आणि पंपाच्या नरम धातूचे आटेच सोलून निघाले. वागळे इस्टेटला न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेच्या, फिटिंगच्या दुकानात सहज हाती येतं ते बहुधा बीएसपी, म्हणून शे-दीडशेचा थ्रेड गेज, म्हणजे आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पट्ट्या, घ्या आणि जुन्या तुकड्यावर लावून बघा. फटीतून उजेड दिसला तर ते माप नाही. नवं फिटिंग शेवटपर्यंत बोटांनीच गेलं पाहिजे.

कुठे शोधायचं

आधी चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवर जा. सुटं कनेक्टर ते बहुधा देत नाहीत, पूर्ण पाइप देतात. पण पार्ट नंबर कळतो आणि तो कळला की अर्धं काम झालं. तो नंबर घेऊन गावातली स्पेअरची दुकानं करा. मॉडेल बंद झालं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे भंगारातल्या गाडीचं फिटिंग मिळतं. धातूचं असेल तर घ्या, त्यातली ओ-रिंग मात्र फेकून द्या. ओ-रिंग, वायसर, पितळी निप्पल यांसाठी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. ओ-रिंग घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही सांगा आणि व्हायटॉन, म्हणजे पेट्रोल सोसणारं रबर, मागा. होससाठी नवी मुंबईकरांनी रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात होस क्रिम्प करणाऱ्यांकडे, म्हणजे होसच्या टोकाला फिटिंग दाबून बसवणाऱ्यांकडे, चौकशी करावी. लेथवाल्याकडून पितळी निप्पल कातून घेणं कार्बोरेटरच्या गाडीला चालतं. इंजेक्शनच्या दाबाला मी ते करणार नाही.

नमुना लोकलने नेणार असाल तर आधी पुसून दिवसभर उघड्यावर वाळवा. पेट्रोलचा वास मारणारी पिशवी घेऊन डब्यात चढायचं नाही; ज्वालाग्राही माल नेणं हा गुन्हा आहे.

होसवर छापलेलं वाचा. एसएई जे30 हे इंधनाच्या होसचं मानक. इंजेक्शनच्या गाडीला त्यातला आर9, कार्बोरेटरला आर7 चालतो. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला मात्र आर10 लागतो, आर9 तिथे फसवतो. पारदर्शक पीव्हीसी नळी पेट्रोलमध्ये कडक होते, ती स्वस्त पडली तरी घेऊ नका. 2023 पासून पंपांवर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून इथेनॉलला चालेल असाच होस मागा. क्लिप गुळगुळीत कडांची घ्या. साध्या क्लिपच्या खाचा रबर कुरतडतात.

जोडताना ओ-रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, कनेक्टर बसल्यावर उलटं ओढून बघा. नायलॉनच्या नळीत नवं कनेक्टर ठोकायचं तर नळीचं टोक गरम पाण्यात धरा, लायटर नको. मग फ्यूज आणि बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंप दोनेक सेकंद चालून दाब भरतो. सांध्याला कागद लावा. कोरडा निघाला तर इंजिन दहा मिनिटं चालवा, पुन्हा कागद लावा. मागची सीट त्या रात्री बसवू नका. सकाळी दार उघडून आधी वास घ्या, मग सीट.