ग्लेंडालॉखला जाताय? आधी ती जीन्स बदला

डब्लिनमधल्या मराठी मंडळींची पहिली डोंगरवारी बहुधा ग्लेंडालॉखचीच असते. शहरापासून साधारण 50 किलोमीटर, विकलो माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात दोन तळी, सहाव्या शतकात स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आणि वरच्या तळ्याला वळसा घालणारी, स्पिंक नावाच्या कड्यावरून जाणारी 9 किलोमीटरची वाट. रमतगमत गेलं तरी चार तासांत होते. नवख्यांना घेऊन मी इथे इतक्यांदा गेलोय की आता गाडीतून उतरणाऱ्याचे कपडे बघूनच दिवस कसा जाणार ते कळतं.

पहिली चूक तीच, कपड्यांची. आपल्याकडे पावसाळी ट्रेक म्हणजे मुद्दाम भिजायला जायचं, आणि ती सवय विमानातून सोबत येते. एका एप्रिलमध्ये नुकताच पुण्याहून आलेला एक मुलगा जीन्स आणि सुती हुडी घालून हजर. मी म्हटलं, बदल. तर म्हणतो, "दादा, कळसूबाई भर पावसात केलंय, हे काय घेऊन बसलात!" कळसूबाई 1646 मीटर, इथली सगळी चढण जेमतेम 380. आकड्यांत त्याचंच बरोबर होतं, आणि खाली ऊनही छान पडलेलं. पोलनॅस धबधब्याशेजारून चढलो, सहाशेच्या वर लाकडी पायऱ्या दम खात संपवल्या आणि कड्यावर पोचलो तोच आडवा पाऊस सुरू झाला. छत्रीचा उपयोग शून्य. एकीची छत्री उलटी होऊन काड्याच उरल्या. जीन्सने पाणी प्यायलं, वर वारा. आधी त्याची बडबड थांबली. मग जेवायला बसलो तेव्हा स्टीलच्या डब्याचं झाकण त्याला उघडेना. बोटं वळतच नव्हती. हातात डबा धरून नुसता बघत बसला होता. सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो हो. इथला हाडात शिरतो. खडकाच्या आडोशाला नेऊन त्याला माझी जादा ट्रॅकपँट आणि लोकरी बनियन घातलं, थर्मासमधला चहा पाजला. उरलेली वाट तो घोट्याच्या चार बोटं वर येणाऱ्या पँटीत उतरला. ती पँट अजून परत आलेली नाही.

तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत एक गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी कायम असते: कोरडे मोजे, बनियन, पँट. जून असो, ऑगस्ट असो. पावसाळी पँट स्वस्तातली घेतली तरी चालते, पण घ्या. आणि जीन्सवाला दिसला तर मी आता वाद घालत नाही. त्याला तळ्याकाठच्या, जुन्या खाणीकडे जाणाऱ्या सपाट वाटेने फिरायला धाडतो.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे "तळं तर खालीच दिसतंय, सरळ उतरू." स्पिंकवर तळं सतत उजव्या हाताला दिसत राहतं, त्यामुळे माणूस फसतो. फळ्यांची वाट कड्याच्या माथ्यावरून जाते आणि खाली थेट कडा आहे, उतार नाही. पुढे या वाटेची खूण असलेला पांढरा बाण तुम्हाला तळ्यापासून लांब, ग्लेनीलो खोऱ्यात नेतो. नेमके इथेच अधीर लोक म्हणतात, वाट चुकली. चुकलेली नसते. नदीवरचा पूल ओलांडायचा, मग नागमोडी उतरून शिशाच्या जुन्या खाणकामगारांच्या पडक्या वस्तीत यायचं, आणि तिथून तळ्याच्या उत्तर काठाने परत. दुसरी वाट नाही. फळ्या सोडून गवतात पाय टाकाल तर ते गवत नाही, दलदलीवरची शेवाळी गादी आहे. एका काकांचा बूट गुडघ्यापर्यंत आत गेला आणि पाय एकटाच बाहेर आला. आणि वळणं तोडून सरळ घसरत उतरणाऱ्यांमुळे तिथली माती वाहून जाते, ते वेगळंच. पाच मिनिटं वाचवून करणार काय, गाडीत बसून बाकीच्यांची वाट बघणार!

घोळक्यातले चपळ लोक पुढे पळतात, ही तिसरी चूक. दरीत फोनला रेंज धड नसते, तेव्हा "पोचल्यावर फोन करतो"ला अर्थ नाही. मी निघतानाच एकाला शेपूट नेमतो, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि पुलाच्या पुढे सगळे जमल्याशिवाय कोणी सरकायचं नाही. काही झालंच तर 112 लावून माउंटन रेस्क्यू मागायचं, हे सगळ्यांकडून एकदा म्हणवून घेतो. हसतात. हसू देत.

बाकी किरकोळ. शनिवार-रविवारी दहानंतर गेलात तर गाडी लावायला जागा मिळेलच असं नाही. ऊन पडलं म्हणून वरच्या तळ्यात उडी मारू नका, पाणी खोल आणि गार आहे. हरणांना, मेंढ्यांना पुऱ्या घालू नका. चिवडा वाऱ्यात उघडू नका, धपाटे न्या. नेच्यांतून चालला असाल तर घरी गेल्यावर पोटऱ्यांवर गोचीड बघा. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. डिसेंबरात चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे डब्लिनहून अकराला निघून रमतगमत चालणाऱ्यांनी स्पिंकचा नाद सोडावा आणि मठाचा गोल मनोरा बघून यावा. आणि वाहनतळाचं फाटक किती वाजता बंद होतं ती पाटी आत शिरतानाच वाचा, निघताना नाही.