‘बाय’ की ‘टिल’? ‘पर्यंत’चं इंग्रजी करताना या चुका टाळा

मराठीत ‘पर्यंत’ एकटाच दोन कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठव’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांब’, दोन्ही आपल्याला सहज कळतात, कारण फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत मात्र दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण घसरतो ते तिथेच.

‘सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ म्हटलं तर अर्थ होतो, शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतच राहा. आपल्याला म्हणायचं असतं ‘बाय फ्रायडे’, म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी. पाठवणं, पोहोचणं, संपवणं अशी एकदाच घडणारी क्रिया असेल तर ‘बाय’. थांबणं, झोपणं, वाट पाहणं अशी चालू राहणारी असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. शंका आली की ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. वाक्य जुळलं तर ‘बाय’ घ्या.

खरा धोका मला वाटतो तो दोन्ही शब्द चालणाऱ्या वाक्यांत. ‘आय विल बी हिअर बाय फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत मी इथे पोहोचलेला असेन. ‘टिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत मी इथेच आहे, मग निघणार. पहिलं सांगायचं असताना दुसरं बोललात, तर समोरचा चारलाच येऊन ताटकळेल, आणि व्याकरण बरोबर असल्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

‘आय वोन्ट लीव्ह टिल सिक्स’ मात्र बरोबर आहे. निघणं एकदाच घडतं, पण न निघणं सहापर्यंत चालू राहतं.

‘तू येत नाहीस तोपर्यंत’ यातला ‘नाही’ इंग्रजीत नेऊ नका. ‘अन्टिल यू डोन्ट कम’ चूक, ‘अन्टिल यू कम’ बरोबर. तिथे ‘विल’ही नको. आणि ‘बाय’ला थेट वाक्य जोडता येत नाही, ‘बाय द टाइम यू कम’ म्हणावं लागतं.

जागेसाठी यातला एकही शब्द नको. स्टेशनपर्यंत चालत गेलो, तर ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’.

राहिलं स्पेलिंग. ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं लघुरूप नाही, उलट तोच जुना शब्द आहे. म्हणून त्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफीची गरज नाही. ‘टिल’मध्ये दोन एल, ‘अन्टिल’मध्ये एकच.