बाळाचं वजन नीट वाढतंय का, हे घरी कसं बघायचं

बाळ झालं की सगळे आधी वजनच विचारतात, आणि आकडा जरा कमी वाटला की नवीन आईबाबांच्या पोटात गोळा येतो. पूर्ण दिवस भरलेल्या बहुतेक बाळांचं जन्मवजन २.५ ते ४ किलोच्या मध्ये असतं. २.५ च्या खाली असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवायला सांगतात आणि ते खरंच ठेवायचं. पण एकट्या आकड्यावरून बाळ पुढे कसं वाढेल हे कळत नाही, त्यासाठी पुढचे आकडे लागतात.

१. आधी एक वही करा. जन्माचं वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि डिस्चार्जच्या दिवशीचं वजन लिहून ठेवा. हे शेवटचं बरेच जण विचारायलाच विसरतात.

२. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं तर घाबरू नका. जवळपास सगळ्या बाळांचं उतरतं, कारण अंगातलं जादा पाणी जातं, काळी शी बाहेर पडते आणि आईचं दूध पूर्ण उतरायला दोनचार दिवस लागतात. आईला प्रसूतीत सलाईन बरंच लागलं असेल तर बाळाचं जन्मवजनही थोडं फुगलेलं असू शकतं. हिशोब सोपा आहे. समजा जन्माला ३ किलो होतं आणि चौथ्या दिवशी २.७८ भरलं, म्हणजे २२० ग्रॅम कमी, साधारण ७ टक्के, तर हे चालतं, फक्त बाळ छातीला नीट धरतंय का ते कुणा जाणकाराला एकदा दाखवून घ्या. १० टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ परत जन्मवजनावर यायला हवं.

३. रोज काट्यापेक्षा डायपर बघा. माझ्या मते घरी बघण्यासारखी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा ओले डायपर व्हायला हवेत, आणि शी काळ्यावरून हिरवट होत पिवळी व्हायला हवी. दूध २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीचं धरून. पिताना गिळल्याचा आवाज येतो का, कान देऊन ऐका, नुसतं तोंडात धरून झोपलेलं बाळ पीत असतंच असं नाही.

४. वजन करायचं तर नीट करा. दरवेळी तोच काटा, कपडे आणि डायपर काढून, शक्यतो दूध पाजायच्या आधी. खाली दुपटं टाकलं असेल तर ते ठेवून काटा शून्यावर आणा, नाहीतर उगाच शेदोनशे ग्रॅमचा घोळ होतो. आणि बाळ ठणठणीत असेल तर रोज वजन करू नका, एक शू झाली तरी आकडा हलतो आणि तुमची झोप उडते.

५. वाढीचा वेग बघा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, नंतर वेग आपोआप मंदावतो. पाच महिन्यांच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. लांबी पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटीमीटरने वाढते.

६. आकडे चार्टवर मांडा. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे चार्ट आहेत, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. बाळ १५ व्या पर्सेंटाइलवर आहे म्हणजे नापास झालं असं अजिबात नाही, त्याच वयाच्या १०० निरोगी बाळांत साधारण १५ त्याच्यापेक्षा हलकी आहेत एवढाच अर्थ. काही बाळं अंगानेच बारीक असतात. चार्टवर पर्सेंटाइलच्या रेषा आखलेल्या असतात, बाळ आपल्या रेषेच्या आसपास चालतंय ना ते बघा, दोन रेषा ओलांडून खाली आलं तर दाखवा. वेळेआधी झालेल्या बाळाचं वय कमी धरायचं, आठ आठवडे आधी झालं असेल तर चार महिन्यांचं झाल्यावर चार्टवर दोन महिने बघायचे.

वजन वाढावं म्हणून सहा महिन्यांच्या आत वरचं काही भरवू नका, पाणीही नको, त्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी जातं. पावडरचं दूध देत असाल तर डब्यावरच्या मापानेच करा, पातळ नको, दाटही नको. आणि आईचं जेवण, पाणी, झोप याकडे घरातल्या बाकीच्यांनी बघायचं, तिला "दूध पुरत नाही वाटतं" असं येताजाता ऐकवायचं नाही.

दोन आठवडे उलटूनही जन्मवजन आलं नाही, डायपर कमी ओले होतायत, तोंड कोरडं पडलंय किंवा पिवळेपणा वाढतोय तर त्याच दिवशी दाखवा. बाळ मलूल आहे, दुधाला उठवूनही उठत नाही, डोक्यावरची मऊ टाळू खोल गेलीय किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आहे, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या, आणि वही सोबत घ्या.