सगळं ठीक असताना जीव का घाबरतो? साचलेला ताण उतरवताना या चुका टाळा

माझी पहिली धडधड आली ती ऑक्टोबरात, ऑडिटची मुदत संपून चार दिवस झाल्यावर. मी नाशिकला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. जुलैत रिटर्न, सप्टेंबरात ऑडिट, मार्चमध्ये मार्च एंड, असं आमचं वर्ष मुदतींवर चालतं. त्या सकाळी मात्र कसलीच घाई नव्हती. गॅसवर पोह्यांची फोडणी होती आणि अचानक छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आता काही आपलं खरं नाही, असं वाटून मी तिथेच फरशीवर बसले.

ईसीजी नॉर्मल आला, रक्ताच्या तपासण्याही नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या वर्षभरात काय काय झालं?" मी म्हटलं, "विशेष काही नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आठवायला लागले. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, फ्लॅटचं कर्ज आणि घर बदलणं, मुलाची बारावी. ऑफिसातले दोघे नोकरी सोडून गेले, त्यांच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. मे महिन्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण गेली. तिच्या तेराव्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर झाले. हे सगळं मी "विशेष काही नाही" या तीन शब्दांत बसवलं होतं.

त्यानंतरच्या वर्षात मी बऱ्याच चुका केल्या. ओळखीच्या लोकांनाही त्याच करताना पाहते, म्हणून हे लिहिते आहे.

आजच्या घाबरण्याचं कारण आजच्याच दिवसात शोधणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. धडधड झाली की आपण लगेच शोधतो, आत्ता काय झालं? काही सापडत नाही, मग "कारण नसताना होतंय म्हणजे नक्की काहीतरी मोठा आजार असणार" अशी नवी भीती सुरू होते. मन चिंती ते वैरी न चिंती, ते इथे तंतोतंत लागू पडतं.

कारण असतं, पण ते एकटं नसतं, बेरजेत असतं. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या मित्राचा मृत्यू ३७, घर बदलणं २०. त्या यादीत लग्नाला ५० गुण आहेत आणि सुट्टीवर जाण्यालाही १३! आनंदाच्या गोष्टींतही जुळवून घ्यावं लागतं आणि शरीराला ते कष्ट पडतातच, हे मला त्या आकड्यांनी पटवलं. नवीन घराची वास्तुशांत झाली तेव्हा मी खरंच खूश होते. तरीही महिनाभर मी रात्री एकला झोपत होते.

यादी जुनी आहे, अमेरिकेतली आहे, आणि एकेका माणसाचं भविष्य तिच्यावरून सांगता येत नाही. पण बेरीज करायची सवय लावायला ती पुरेशी आहे. एका वहीत मागच्या बारा महिन्यांत काय काय बदललं ते लिहा. भलं-बुरं, लहान-मोठं असं वेगळं करू नका. पान भरलं की निम्मी भीती तिथेच ओसरते, कारण "विनाकारण" हा शब्दच गळून पडतो.

ताण आला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात. धोका टळला की हे सगळं खाली यायला हवं. एकामागून एक प्रसंग येत राहिले तर ते पूर्ण खाली उतरतच नाही. झोप हलकी होते, खांदे कायम वर चढलेले राहतात. अशा थकलेल्या शरीराला मग फोडणीचा चर्र आवाजसुद्धा पुरतो. मुदत संपल्यावर, निकाल लागल्यावर, लग्नघर रिकामं झाल्यावर त्रास सुरू झाला, असं बरेच जण सांगतात. त्यात नवल नाही. धावपळीत अंगाकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती, ती आता मिळालेली असते.

"मोठा श्वास घे" हा सल्ला तसाच पाळणं

घरातलं कुणी घाबरलं की आपण पहिलं हेच सांगतो. घाबरलेला माणूस मग तोंडाने भराभर मोठे श्वास ओढतो आणि आणखी घाबरतो. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळल्यासारखी वाटते. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून आपण आणखी ओढतो. माझ्या बोटांना स्वयंपाकघरात मुंग्या आल्या त्या याच कारणाने.

भर द्यायचा तो उच्छ्वासावर. नाकाने सावकाश चार अंकांपर्यंत श्वास आत, सहा अंकांपर्यंत बाहेर. छाती फुगवायची नाही, पोट हलू द्यायचं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. आकडे जमत नसतील तर ते सोडून द्या आणि नुसता बाहेरचा श्वास लांबवा. भ्रामरी म्हणूनच सोपी पडते. गुणगुणत असताना उच्छ्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक चूक सर्रास होते. टीव्हीवर पाहून लोक कपालभाती आणि भस्त्रिका करतात आणि जीव घाबरला की त्याच करायला बसतात. त्या वेगाने करायच्या क्रिया आहेत. धडधड चालू असताना त्या नकोत. श्वास कोंडून धरल्याने घुसमटल्यासारखं होत असेल तर कुंभकही नको.

आणि सराव बरं वाटत असतानाच करायचा. पोहणं बुडताना शिकता येत नाही. मी पहिले दोन आठवडे रोज दुपारी डबा खाल्ल्यावर पाच मिनिटं करायचे. तेव्हा फरक काहीच जाणवत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात बसमध्ये धडधड सुरू झाली आणि उच्छ्वास आपोआप लांबला.

आराम "करून दाखवणं"

शवासनात पडून "आता शांत हो, शांत हो" म्हणत राहिलात तर मन परीक्षेला बसतं. काहींना तर डोळे मिटून पडल्यावर जास्तच अस्वस्थ वाटतं. हृदयाचे ठोके कानात ऐकू येतात, विचार दुप्पट वेगाने येतात. असं झालं तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका, हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. डोळे उघडे ठेवा, वेळ तीन मिनिटांवर आणा, किंवा पडून राहण्याऐवजी हातांना काम द्या. शेंगा सोलणं, भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी घालणं. माझ्या एका सहकाऱ्याला ध्यान कधीच जमलं नाही. तो रोज संध्याकाळी गोदाकाठी अर्धा तास चालतो, आणि त्याला तेच लागू पडलं आहे.

ज्यांचा ताण मानेत, जबड्यात, खांद्यांत बसतो त्यांच्यासाठी एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली पद्धत उत्तम आहे. आज शिकवतात ते तिचं छोटं रूप असं: मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळायच्या, मग एकदम सोडायच्या, आणि वीस-तीस सेकंद सैल पडलेल्या हाताकडे लक्ष द्यायचं. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पोटऱ्या. "सैल सोड" म्हटल्यावर नेमकं काय सोडायचं ते आवळलेल्या शरीराला कळत नाही. आधी आवळलं की फरक कळतो. दुखरा भाग मात्र आवळू नका. मला यातून कळलं की मी संगणकासमोर दिवसभर दात आवळून बसते.

चहा, दारू आणि मोबाइल

चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन शरीरातून बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कडक चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. घाबरं वाटतं म्हणून चहा करून पिणाऱ्यांनी एवढं एक बदलून बघावं. दारूने त्या रात्री बरं वाटतं, पण झोप मोडते आणि दुसऱ्या सकाळी धडधड जास्त होते. तंबाखूचंही तसंच, तलफ भागल्याचं सुख आपल्याला शांती वाटतं. आणि "डोकं शांत करायला" अंथरुणात तासभर रील बघितल्या तर डोकं रिकामं होत नाही, त्यात भरच पडते.

पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं आणि ती जागा टाळणं

मी ऑनलाइन बीपीचं मशीन मागवलं. एका रविवारी मी अकरा वेळा बीपी मोजलं. आकडा ठीक आला की दहा मिनिटं हायसं वाटायचं, मग पुन्हा शंका. लक्षणं नेटवर शोधणं, रोज नाडी बघणं, नवऱ्याला "मला काही होणार नाही ना?" विचारत राहणं, सगळं त्याच जातीचं. प्रत्येक खात्री पुढच्या शंकेला खतपाणी घालते. शेवटी मशीन सासऱ्यांच्या कपाटात ठेवून दिलं, त्यांना ते खरोखर लागतं.

टाळणं त्याहून चिवट. गर्दीच्या बसमध्ये घाबरल्यावर मी रिक्षा धरली. मग भाजीबाजार सोडला, मग लग्नकार्यं. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून ते पटकन अंगवळणी पडतं, आणि मेंदू मात्र शिकतो की ती जागा खरंच धोक्याची होती. परतीचा रस्ता छोट्या टप्प्यांचा आहे. मी आधी एका स्टॉपपुरती बस धरली, मग दोन, आणि घाबरले तरी ठरलेल्या स्टॉपपर्यंत उतरायचं नाही, एवढा एकच नियम ठेवला. घाबरण्याची लाट बहुधा दहा मिनिटांत टोक गाठते आणि मग उतरायला लागते. ती उतरेपर्यंत तिथेच थांबणं हाच खरा सराव.

रात्री तीनला जाग आली की घड्याळ बघणं

"आता फक्त तीन तास उरले" हा हिशोब केला की झोप गेलीच. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर उठा, मंद दिव्यात काहीतरी नीरस वाचा, झोप आली की परत जा.

विचार रात्रीच का येतात? दिवसभर त्यांना जागा दिलेली नसते. मी संध्याकाळी साडेसहाचा अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवला आहे. वही घ्यायची, जे डोक्यात असेल ते लिहायचं, ज्याचं काही करता येईल त्यापुढे उद्याचं एक काम लिहायचं. दिवसा काळजी आली की "साडेसहाला बघू" म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण मानसशास्त्रात ही पद्धत १९८० च्या दशकापासून अभ्यासली गेली आहे, आणि माझ्या बाबतीत औषधाखालोखाल हिचाच उपयोग झाला.

घरच्यांची चूक

"टेन्शन घेऊ नकोस", "तुला काय कमी आहे?", "आम्ही नाही का काढले दिवस?" यातलं एकही वाक्य घाबरलेल्या माणसाला मदत करत नाही. त्याला आपलं घाबरणं लपवायला तेवढं शिकवतं. त्यापेक्षा शेजारी बसा. "चल, कोपऱ्यापर्यंत चालून येऊ" म्हणा. त्याच्या रोजच्या कामातलं एखादं काम न विचारता उचला. माझ्या सासूबाईंनी महिनाभर सकाळचा डबा केला. त्याबद्दल आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.

डॉक्टरांकडे उशिरा जाणं, किंवा शेजारणीची गोळी घेणं

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल तर "ताण असेल" म्हणून घरी बसू नका, १०८ ला फोन करा. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते. म्हणून एकदा तपासणी हवीच. ती झाल्यावर मात्र त्याच तपासण्या दर महिन्याला नकोत.

काळजी सहा महिने जवळपास रोज पाठ सोडत नसेल किंवा काम, झोप, जेवण बिघडलं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. तिथवर थांबायलाच हवं असंही नाही. झोपेच्या गोळ्या कुणाच्या पाकिटातून घेऊ नका आणि स्वतःच्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, त्रास उलटतो. चिंतेवरच्या नेहमीच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. मी चौथ्या दिवशी सोडायला निघाले होते. समुपदेशनही एका बैठकीचं काम नव्हे.

जवळपास कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ता फोन करा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा.

परत आलं की "सगळं वाया गेलं" समजणं

यंदाच्या सप्टेंबरात मला दोनदा धडधड झाली. पहिल्यांदा मी रडले. दुसऱ्यांदा वही उघडली. त्या महिन्याच्या पानावर सात ओळी होत्या, त्यातली शेवटची मैत्रिणीच्या वाढदिवसाची. त्या संध्याकाळी फायली बाजूला ठेवून मी तिच्या आईला फोन केला. आम्ही पाऊण तास बोललो.