अमेरिकेत आलात? आधी तिकडचे पैसे बघा

इथे येऊन मला अठरा वर्षं झाली. नवे आलेले विचारतात, क्रेडिट कार्ड कुठलं घेऊ, गाडी नवी की जुनी? मी उलट विचारतो, भारतात काय काय ठेवून आलात? यादी ठरलेली असते: पगाराचं जुनं खातं, आईबरोबरचं जॉइंट खातं, पीपीएफ, दोन-तीन एसआयपी. वर एक वाक्य, "ते तिकडचं हो, त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. करापुरते तुम्ही 'रेसिडेंट' ठरलात की जगात कुठेही झालेलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचे इथे राहिलेले दिवस सरळ मोजतात: यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि यंदाचे किमान ३१ दिवस भरले की ठरलात. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांची पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा या मोजणीत धरत नाहीत. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे. पीपीएफच्या व्याजाचंही तेच. एनआरओ खात्यावर, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यावर, टीडीएस कापला गेला असेल तर त्याचं श्रेय फॉर्म १११६ वर मागता येतं, म्हणून ती प्रमाणपत्रं जपून ठेवा.

आता एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी रेसिडेंटला हा अहवाल भरावा लागतो. तो आयआरएसच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या, रिटर्नबरोबर जात नाही, अर्थखात्याच्या फिनसेन विभागाकडे वेगळा ऑनलाइन भरतात. यात कर लागत नाही, म्हणूनच लोक विसरतात. मीही विसरलो होतो, तब्बल तीन वर्षं. आईबरोबरचं खातं मी माझं मानतच नव्हतो, पैसे तिचे होते. पण खात्यावर नाव असलं की पूर्ण शिल्लक मोजली जाते, निम्मी नाही. मग एका रविवारी आई फोनवर पासबुक वाचत होती आणि मी वर्षातला सगळ्यात मोठा आकडा शोधत होतो. मधेच ती म्हणाली, "अरे, माझ्या पेन्शनचा हिशेब अमेरिकेला कशाला?" जुने अहवाल भरले, व्याजासाठी रिटर्नही दुरुस्त केले. अनवधानाने झालेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नाही, अहवालागणिक लावायचा, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बिटनर खटल्यात ठरवलं. तरी त्या वाटेला न गेलेलं बरं.

खरी डोकेदुखी म्युच्युअल फंडांची. भारतीय फंड इथल्या कायद्यात 'पीफिक', म्हणजे नुसती गुंतवणूक करणारी परदेशी कंपनी, धरले जातात. हा प्रकार १९८६ च्या करसुधारणांपासूनचा. वेळेत कर मोजायचा वेगळा पर्याय निवडला नाही, तर विक्रीचा नफा तुम्ही फंड धरलेल्या सगळ्या वर्षांवर पसरवतात, मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षीचा सर्वोच्च दर लावतात आणि वर व्याज. दर फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१. महिन्याला दोन हजारांची एसआयपी, आणि तिच्यासाठी सीएची फी नफ्याहून जास्त! म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रेसिडेंट व्हायच्या आधी फंड विका. भारतातला कर भरावा लागेल, तो भरा. चालू धंदा असलेल्या कंपन्यांचे थेट घेतलेले शेअर सहसा यात येत नाहीत.

कंपनीने आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून ठरावीक काळाने मिळणारे शेअर, दिले असतील तर एक सांगतो. ते वेस्ट होतात, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे होतात, त्या दिवशीचा भाव पगार म्हणून डब्ल्यू-२ या वार्षिक पगारपत्रकात येतो आणि त्यावर कर लागतो. पुढे विकल्यावर ब्रोकरच्या १०९९-बी या विक्रीच्या पत्रकात खरेदी किंमत पुष्कळदा शून्य किंवा अपुरी दिसते. ती दुरुस्त न करता तसाच आकडा भरलात, तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर जातो.

आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन कोणी हळूच विचारेल, "तुमच्या कंपनीचं काय म्हणतंय, शेअर घेऊ का?" कंपनीचे आर्थिक निकाल जाहीर व्हायचे असतील आणि तुम्हाला आतलं ठाऊक असेल, तर नुसतं "घे" म्हणणंही अंगाशी येऊ शकतं, स्वतः एक शेअर घेतला नसला तरी. मोदक कोणी केलेत ते विचारा.