काढणीच्या आधी जुन्या पिकअपची ओढ तपासा. सुरुवात डिझेल फिल्टरपासून करा

पावसाळा सरत आला की माल वाहण्यासाठी जुनी पिकअप पुन्हा जुंपली जाते आणि नेमकी त्याच दिवसांत, भरल्या मालासह, ती चढावर दम टाकते. रिकामी असताना सुरळीत धावणारी आणि जागेवर एकसारखी वाजणारी डिझेल गाडी भार पडताच ओढेनाशी झाली, तर इतर काहीही उघडण्यापूर्वी फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू उघडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तोडलेला टोमॅटो रस्त्याच्या कडेला अडलेल्या गाडीत भर उन्हात क्रेटमधून पाझरताना मी पाहिला आहे. त्या गाडीसाठी नवा डिझेल पंप सुचवण्यात आला होता. प्रत्यक्षात तिचा फिल्टर चिखलाने गच्च भरलेला होता.

दमट दिवसांत टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर थंड होऊन पाणी बनते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, पत्रा गंजवते, आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढून काळपट शेवाळासारखा चिकट गाळ तयार होतो. हा गाळ फिल्टरच्या कागदावर बसतो. जागेवर चालणाऱ्या इंजिनाला डिझेल थोडेच लागते, त्यामुळे तुंबलेला फिल्टरही तेवढे पुरवतो. भरल्या गाडीने चढ घेताना मागणी अनेक पटींनी वाढते आणि तिथे पुरवठा अपुरा पडतो. म्हणूनच गॅरेजच्या दारात रिकामी गाडी फिरवून हा दोष सापडत नाही.

तपासणी पहाटे, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी करावी. स्क्रूखाली काचेची बरणी धरून तो हळूहळू सैल करावा, कपभर डिझेल काढावे आणि बरणी दहा मिनिटे न हलवता ठेवावी. पाणी असेल तर ते तळाशी बसून वर स्पष्ट रेघ दिसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे, स्क्रू घट्ट करावा आणि डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून आत शिरलेली हवा (एअर) काढावी. बरणीत काळ्या चिंध्या दिसल्या तर फिल्टरसोबत टाकीही साफ करावी, अन्यथा नवा फिल्टर काही दिवसांतच तुंबेल. नव्या फिल्टरमध्ये कॅनमधील न गाळलेले डिझेल ओतू नये.

फिल्टर बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पाळावे. माझा अनुभवाचा अंदाज मात्र असा आहे की धुळीच्या रस्त्यावर भार वाहणाऱ्या जुन्या गाडीत ते अंतर निम्मे धरावे आणि हंगामात दर आठवड्याला पाणी काढावे. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर पाणी साचणेही कमी होते.

फिल्टर स्वच्छ असूनही ओढ कमी असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

- ओढ जाताच गाडी थांबवून टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन ओढ परतली तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे.
- काळा धूर : एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचा) फाटलेला होज, सैल क्लिप. सांध्यावर तेलकट डाग शोधावा.
- निळा धूर : इंजिन ऑइल जळत आहे.
- आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही : क्लच प्लेट.
- एखाद्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा फार तापतो : ब्रेक चिकटला आहे.
- ॲक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबूनही डिझेल पंपावरील लिव्हर शेवटपर्यंत जात नाही : केबल.

कागदी एअर फिल्टर धुऊ नये. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी आणि कागद फाटला असल्यास तो बदलावा.

एक धोका कधीही पत्करू नये. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल मिळते) डिझेलचा दाब 1,000 बारच्या वर जातो आणि त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते, म्हणून चालू इंजिनाचा नोझलकडे जाणारा पाइप कधीही सैल करू नये आणि गळती हाताने चाचपू नये.

नोझल साफ करण्याच्या बाटल्या, नवे नोझल किंवा नवा टर्बो विकत घेण्यास कोणी सुचवले, तर आधी सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचा दाब) मोजून ते पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावे, कारण कॉम्प्रेशनच कमी असेल तर महागडे नोझलही ओढ परत आणणार नाहीत. बाटलीतले द्रव्य तर टाकीच्या तळाचा गाळ काढून टाकत नाही. काढणी सुरू होण्यास दिवस थोडे उरले आहेत, तेव्हा पहिला माल भरण्याची वाट न पाहता उद्या पहाटेच बरणी लावावी आणि एक नवा फिल्टर त्याच्या पान्यासह सीटखाली ठेवावा.